स्थिर पानाचे सौंदर्य

वरोऱ्यात मे महिन्याच्या उन्हात ओसरीवर टॅबलेट उघडला, तर काचेत आधी आपलाच चेहरा दिसतो. पडदा उजळ करावा, तर बॅटरी उतरते आणि यंत्र तापते. त्याच उन्हात ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावरचे ई-इंकचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईचे, पान अधिकच खुलते. ते कागदासारखे आहे: अंगावर पडलेला उजेड तेवढा परत करते.

हे पान जवळून पाहण्यासारखे आहे. केसाच्या जाडीएवढ्या लक्षावधी कुप्या, त्यांत पारदर्शक द्रव, आणि द्रवात विद्युतभारित काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने काळे कण वर येतात, पांढरे तळाला जातात. मग वीज तोडली तरी जागचे हलत नाहीत. शिरोरेषा अशी ठाम, वेलांटी अशी निवांत दिसते ती त्यामुळेच. अक्षर थरथरत नाही, आणि डोळाही थरथरत नाही. चार्जिंग आठवडोन्‌आठवडे पुरते, कारण वीज मुख्यतः पान उलटतानाच लागते.

ज्या गुणावर आपण लुब्ध होतो, त्याच गुणाने हे यंत्र मागे राहिले. कणांना द्रवातून वाट काढावी लागते. टॅबलेटचा पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो. इथे एक पान स्वच्छ उमटायलाही क्षणभर थांबावे लागते, आणि मागच्या पानाची पुसट छाया घालवण्यासाठी सगळा पडदा मधूनच काळा होतो. मग चित्रफीत कशी चालावी? रंगासाठी वर गाळणी बसवली, तर ती उजेड खाते आणि पान करडे पडते. २००७च्या पहिल्या किंडल वाचनयंत्राला करड्याच्या चारच छटा होत्या, आता सोळा आहेत. २०१०च्या आयपॅडने पहिल्याच दिवशी रंग आणि चलतचित्र दिले. तरीही सलग दोनशे पाने वाचायची असतील, तर मी ई-इंकच हाती घेईन.

मराठी ई-पुस्तकांचे मागे राहणे मात्र या शाईमुळे नाही. किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन डिसेंबर २०१६मध्ये उघडले, यंत्र येऊन नऊ वर्षे झाल्यावर. आपली कितीतरी पुस्तके युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टांत जुळवलेली. ती पानाची मांडणी न बदलणाऱ्या पीडीएफमध्येच अडकली. सहा इंची पडद्यावर त्या पानातली अक्षरे मुंगीएवढी होतात. मोठी करून सरकवू लागलो, की कणांचा संथपणा जाचू लागतो. टॅबलेटवर तेच पान बोटासरशी सरकते, आणि वाचक दोष ई-इंकला देतो.

हा अडथळा डोळस वाचकांपुरता नाही. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे. मजकूर युनिकोडमध्ये असेल, तर साधा स्मार्टफोनही तो अशा मुलांना मराठीत वाचून दाखवतो. जुन्या फॉन्टात अडकलेल्या पानापुढे तोही अडतो. म्हणून मराठी प्रकाशकांना कळकळीची विनंती: जुनी पुस्तके युनिकोडमध्ये आणा, आणि पडद्याच्या मापाने ओळी जुळवणाऱ्या ईपब स्वरूपात द्या. त्यासाठी नव्या यंत्राची वाट पाहू नका.