पांडुरंग सांगवीकराची पदे

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. आता तो कॉलेजात शिकतो. वर्ष सरत आले तरी शिष्यवृत्तीचे पैसे हाती पडत नाहीत, म्हणून त्याने चाळीस मुलांच्या सह्यांचा अर्ज प्राचार्यांना दिला होता. मी म्हटले, “अरे, आईबापांनी तुला शिकायला पाठवले आहे, पुढारपण करायला नव्हे.” तो काही बोलला नाही; करंजी मात्र अर्धी टाकून उठला.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. कॉलेज मला ठाऊक आहे ते कादंबऱ्यांतून. म्हणून तो गेल्यावर ‘कोसला’ पुन्हा वाचायला घेतली.

भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 1963 साली निघाली. तिच्या भाषेचे आणि त्यातल्या मनीच्या मृत्यूच्या प्रसंगाचे कौतुक झाले आहे, ते यथार्थच आहे. या वेळी मी एवढेच पाहिले, की खानदेशातून पुण्यास आलेल्या पांडुरंग सांगवीकराच्या वाट्याला कोणती कामे येतात. तो वादविवाद मंडळाचा चिटणीस होतो, वसतिगृहाचा प्रीफेक्ट होतो, गॅदरिंगचे नाटक बसवतो, गरीब मित्रासाठी मेसचा व्याप अंगावर घेतो. सगळ्यांतून पदरी पडतो तो मनस्तापच. आधी हसू येते, मग पोटात कालवते. पण फी किती असावी, अभ्यासक्रम काय असावा, हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे कधी येत नाही. पोराला जेवणाचा हिशेब द्यावा, शिक्षणाचा देऊ नये, हे त्या कॉलेजाचे शहाणपण नेमाड्यांनी अचूक पकडले आहे.

माझी तक्रार पुढे आहे. सारीच पदे पोकळ ठरली, की वाचक सहज म्हणतो, पोराने या फंदात पडूच नये. मीही तेच म्हणालो होतो. परंतु कादंबरीबाहेरचा अनुभव निराळा आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, या मागणीमागे विद्यार्थी होते. विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी ठराव केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळली. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत त्या मुलांचे शिक्षण संपले, मागणी संपली नाही.

उलट बाजूही आहे. 1989 साली मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. 1994 च्या कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. 2006 साली लिंगडोह समितीने उमेदवाराच्या खर्चाला 5000 रुपयांची मर्यादा सुचवली, 75 टक्के हजेरीची अट घातली. 2016 च्या कायद्याने थेट निवडणूक पुन्हा कागदावर आणली. पालकांची भीती खोटी नव्हे. पण खुनाला उत्तर म्हणून मुलांचे मतच काढून घेणे, हे विहिरीत कोणी पडले म्हणून पाणी भरणे बंद करण्यासारखे झाले.

चांगला गुण मिळवणारा मुलगा गुणीच असतो. पण शिष्यवृत्ती अडलेल्या मुलाची अडचण त्याला ठाऊक असेलच असे नाही. ती ज्याची त्यालाच सांगू द्यावी लागते.

‘कोसला’ घरातल्या मोठ्यांनी अवश्य वाचावी आणि हसावेही. मात्र पांडुरंगाच्या फजितीचा दाखला आपल्या मुलाला देऊ नये.

यंदा तो फराळाला आला, तर अर्जाचे काय झाले, हे मी आधी विचारणार आहे.