नर्मदेची कवटी आणि एक पेपर कसा वाचावा

परीक्षेच्या नोट्समध्ये एक ओळ हमखास असते: 'नर्मदा मानव म्हणजे भारतातला होमो इरेक्टस.' मीही ती पाठ केली होती. मूळ पेपर वाचायला घेतले, तेव्हा कळलं की ही ओळ इतकी सरळ नाहीच.

आपल्या नागपुरात, सेमिनरी हिल्सला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं कार्यालय आहे. याच सर्वेक्षणातल्या अरुण सोनकिया यांना डिसेंबर १९८२ मध्ये होशंगाबादजवळ हथनोरा इथं, नर्मदेकाठच्या दगडगोट्यांच्या थरात, कवटीचा वरचा भाग मिळाला. जाड हाड आणि भुवईवरचा ठळक उंचवटा पाहून सुरुवातीला तिला होमो इरेक्टस म्हटलं गेलं.

१९९१ मध्ये केनेडी आणि सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष पुन्हा तपासला. या पेपरची ताकद त्याच्या पद्धतीत आहे. दोन-चार ठळक खुणांवर न थांबता त्यांनी एकेक लक्षण आणि मोजमाप इतर कवट्यांशी ताडून पाहिलं. मेंदूचं आकारमान ११५५ ते १४२१ घन सेंमी असावं, असा अंदाज दिला आणि कवटी 'आद्य होमो सेपियन्स'ची ठरवली. आता लेखकांची नावं बघा. त्यात सोनकियाही आहेत! आपल्याच शोधाचं नाव बदलणाऱ्या पेपरवर सही करायला काय लागतं, याचा विचार करा.

तरी पेपर निर्दोष नाही. 'आद्य सेपियन्स' हा डबा फार मोठा आहे. जे इरेक्टस नाही आणि आधुनिकही नाही, ते सगळं त्यात टाकलं जायचं. म्हणजे 'हे काय नाही' याचं उत्तर पक्कं मिळालं, 'हे काय आहे' याचं मात्र नाही.

२००७ मध्ये शीला अत्रेय यांनी 'मग ही होमो हायडेलबर्गेन्सिस आहे का?' हा प्रश्न संख्याशास्त्रानं तपासला. तिथंही कवटी नीट बसली नाही. प्रजातीचं नाव न लावता तिला नुसतं 'होमो' म्हणावं, हा त्यांचा सल्ला मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. हातात एकच अर्धवट कवटी आहे, चेहरा नाही, दात नाहीत. एवढ्यावर किती बोलायचं?

तुमच्या सिनॉप्सिसलाही हाच प्रश्न विचारा: माझा पुरावा जेवढं सांगतोय, त्यापेक्षा मी जास्त तर बोलत नाहीये ना?