कोरियन दैनंदिन जीवनाची छायाचित्रे : नमुन्यापासून शेजाऱ्यापर्यंत

प्रस्तावना
छायाचित्र हा भूतकाळाचा निर्विवाद पुरावा मानला जातो. कोरियाच्या गेल्या शतकातील छायाचित्रांच्या बाबतीत मात्र चित्रात काय दिसते याइतकाच कॅमेरा कोणाच्या हाती होता, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. गवताने शाकारलेल्या घरांपासून बहुमजली इमारतींपर्यंत चित्रे ओळीने मांडून प्रगती सिद्ध करणे सोपे आहे. परंतु त्या मांडणीत या बदलाची किंमत मोजणारी माणसे अदृश्य होतात.

परकी दृष्टी
अमेरिकन प्रवासी पर्सिव्हल लॉवेल याने १८८३-८४ च्या हिवाळ्यात सेऊलमध्ये घेतलेल्या छायाचित्रांत कुतूहल आहे. १९१० मध्ये जपानने कोरिया बळकावल्यानंतर या कुतूहलाची जागा मोजमापाने घेतली. वसाहती शासनाच्या वतीने मानववंशशास्त्रज्ञ तोरिइ र्यूझो याने सामान्य लोकांना समोरून व बाजूने उभे करून टिपले. त्यांचे कपडे, केशरचना, चेहरेपट्टी यांची नोंद झाली. पण अशा मांडणीत चेहरा व्यक्तीचा न राहता जमातीचा नमुना होतो.

स्वकीयांची दृष्टी
कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबले. त्याच वर्षी लिम उंग-शिक यांनी सेऊलच्या म्योंगदोंग भागात टिपलेले 'नोकरीच्या शोधात' हे छायाचित्र या संदर्भात निर्णायक आहे. टोपी डोळ्यांवर ओढलेला एक तरुण भिंतीला टेकून उभा आहे आणि त्याच्या कमरेला काम हवे असल्याचा फलक बांधलेला आहे. मागे सुटातील माणसे हस्तांदोलन करीत आहेत. दारिद्र्य व सुस्थिती एकाच चौकटीत आल्याने हे चित्र केवळ करुण न राहता सामाजिक विधान बनते. बुसानच्या चोई मिन-शिक यांनी 'मानव' या मालिकेत बाजारातील कष्टकरी टिपले. त्यांची सहानुभूती प्रामाणिक आहे. तथापि हे व्यापक शीर्षक विशिष्ट काळातील हलाखीला सार्वकालिक नियतीचे रूप देण्याचा धोका पत्करते.

किम की-चान यांनी हा धोका टाळला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे तीन दशके ते सेऊलमधील जुंगनिम-दोंग व आसपासच्या गल्ल्यांत जात राहिले. मुलांचे खेळ, दारात बसलेल्या वृद्धा, कुत्री यांतून गल्ली हेच अंगण असल्याचे दिसते. पुढे त्यांनी त्याच माणसांना शोधून पुन्हा टिपले. दोन चित्रांमधील अंतरात मुले मोठी झालेली असतात आणि पुनर्विकासात गल्ली नाहीशी झालेली असते. बदलाचा अर्थ येथे इमारतींच्या उंचीवरून नव्हे, तर तुटलेल्या शेजारावरून कळतो.

निष्कर्ष
या छायाचित्रांकडे केवळ गतकाळाच्या गोड आठवणी म्हणून पाहणे अपुरे आहे. त्या घरांतील दाटी आणि अभाव हेही चौकटीतच आहेत. किम यांच्या चित्रांचे सामर्थ्य असे की, ती गरिबीचे उदात्तीकरण करीत नाहीत आणि विकासाची आरतीही ओवाळत नाहीत. ज्याला पूर्वी नमुना म्हणून उभे केले गेले, तो येथे ओळखीचा शेजारी म्हणून कॅमेऱ्याकडे पाहून हसतो. कोरियन छायाचित्रणाच्या शतकातील हे सर्वांत मूलगामी परिवर्तन होय.