घोषणा आणि घटना : ‘सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा’ – एक चिकित्सा

प्रस्तावना :
जॉन पेरी बार्लो यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी दावोस येथून ‘सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा’ प्रसृत केला. त्याच दिवशी अमेरिकेत नव्या दूरसंचार कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली होती. अल्पवयीनांपर्यंत पोहोचणारा ‘असभ्य’ मजकूर त्या कायद्याने गुन्हा ठरविला होता. जाहीरनामा ही त्यावरील प्रतिक्रिया होय. त्यातील स्वशासनाच्या कल्पनेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जाहीरनाम्याचे स्वरूप :
सरकारांना या नव्या प्रदेशात सार्वभौमत्व नाही. येथील व्यवस्था नीती, विवेकी स्वहित आणि सर्वहित यांतून स्वाभाविकपणे आकारास येईल, असे बार्लो यांचे प्रतिपादन आहे. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे वळण या लेखनात स्पष्ट दिसते. मात्र हे साम्य शैलीपुरतेच राहते. १७७६ च्या घोषणेनंतर १७८७ मध्ये राज्यघटना लिहिली गेली आणि १७९१ मध्ये हक्कांची सनद तिला जोडली गेली. बार्लो घोषणेपाशीच थांबतात. नियम कोणी करावयाचे आणि अन्याय झाल्यास दाद कोणाकडे मागावयाची, याविषयी जाहीरनामा मौन पाळतो. जुन्या माहितीउद्योगांवर ते टीका करतात. परंतु या नव्या प्रदेशातच उद्या नवे मालक निर्माण होतील, ही शक्यता ते विचारात घेत नाहीत.

स्वशासनाचे प्रयोग :
या मौनाची किंमत पुढील दोन प्रयोगांत दिसून आली. इंटरनेटवरील नावे व पत्ते यांचे नियमन करणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेने २००० मध्ये जगभरातील सामान्य वापरकर्त्यांच्या मतदानाने पाच संचालक निवडले. सुमारे ३४ हजार जणांनी मतदान केले. २००२ च्या सुधारणांत ही थेट निवडणूकच रद्द झाली. फेसबुकने २००९ मध्ये धोरणबदलांवर मतदानाची तरतूद केली. पण निकाल बंधनकारक होण्यासाठी ३० टक्के वापरकर्त्यांच्या सहभागाची अट घातली. डिसेंबर २०१२ मध्ये सुमारे ६ लाख ६८ हजार मते पडली. त्यांपैकी ८८ टक्के मते प्रस्तावित बदलांच्या विरोधात होती. वापरकर्ते मात्र शंभर कोटींहून अधिक होते. अट पूर्ण न झाल्याने बदल लागू झाले आणि त्यांबरोबर मतदानाचा अधिकारही संपला. जो अधिकार देणारा एकतर्फी परत घेऊ शकतो, त्यास हक्क म्हणता येत नाही. ती सवलत असते.

हक्क आणि दाद :
राज्यसंस्थेविषयीचा बार्लो यांचा संशय निराधार नव्हता. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. या पार्श्वभूमीवर घटनेच्या ३२ व्या अनुच्छेदान्वये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी ‘श्रेया सिंघल’ निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ‘६६ अ’ हे कलम रद्द झाले. अमेरिकेतही ‘असभ्य’ मजकुराविषयीच्या तरतुदी १९९७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेच घटनाबाह्य ठरविल्या. म्हणजे नागरिकाला संरक्षण लाभले ते राज्यसंस्थेच्या अभावामुळे नव्हे, तर तिला बांधून ठेवणाऱ्या घटनेमुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३२ व्या अनुच्छेदास घटनेचा आत्मा मानले, त्याचे मर्म हेच आहे.

समारोप :
बार्लो यांनी स्वातंत्र्याची आकांक्षा प्रभावीपणे मांडली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या प्रदेशात रहिवासी आहेत, नागरिक नाहीत. मत आणि दाद या दोन्ही गोष्टी हक्काने मिळाल्याशिवाय रहिवासी नागरिक होत नाही. इंटरनेटवरील स्वशासनाचा विचार यापुढे येथूनच सुरू व्हावयास हवा.