मागाला फळे लागतात?

‘फ्रूट ऑफ द लूम’ या अमेरिकी अंतर्वस्त्रांच्या जाहिरातींत १९७५च्या सुमारास सफरचंद, द्राक्षे आणि पान यांचे वेश चढवलेले पुरुष दिसू लागले. पुढे ‘अमेडियस’साठी ऑस्कर मिळवणारे एफ. मरे अब्राहम हे त्यांतलेच एक पान. वरवर पाहता हा पोरखेळ; मला त्यात दुहेरी झाकपाक दिसते. अंतर्वस्त्रे विकायची तर उघडे शरीर दाखवणे आले. गुबगुबीत फळांनी तो संकोच मिटवला आणि घरातल्या सर्वांसमोर बनियन-चड्डीचे नाव काढता आले. या युक्तीला दाद द्यायलाच हवी. दुसरी झाकपाक १८७१ साली नोंदलेल्या नावातच आहे. लूम म्हणजे माग. फळ झाडाला आपसूक धरते. कापड मात्र कुणाच्या तरी हातून उतरते. याच कंपनीच्या मालकीच्या ‘रसेल’ने होंडुरासमधील कारखाना कामगारांनी संघटना बांधल्यावर २००९मध्ये बंद केला आणि अमेरिकी विद्यार्थ्यांच्या बहिष्कारानंतर त्याच वर्षी माघार घेतली. तेव्हा कुठे कपडे शिवणारी माणसे लोकांना दिसली. इतकी वर्षे त्यांच्या जागी फळेच नाचत होती. म्हणून या जाहिरातींना हसताना मी आता जरा अडखळतो.