अमरावतीचा मंडप आणि त्यांतील माणसें

राष्ट्रीय सभेच्या जुन्या अधिवेशनांचे इंग्रजी वृत्तांत चाळण्याची खोड आम्हांस फार दिवसांची आहे. हें वाङ्मय आम्हांस खटकतें तें एकाच कारणासाठीं. त्यांत ठराव असतो, सूचक असतो, अनुमोदक असतो, कंसांत टाळ्याही असतात. माणूस मात्र क्वचितच भेटतो. वृत्तांतलेखकाचें काम तसबिरी काढण्याचें नव्हे, असें कोणी म्हणेल. म्हणो बापडा! परंतु मंडपांत जमलेलीं माणसें जर सामान्य नव्हतीं, तर त्यांना ठरावांच्या क्रमांकांखालीं पुरून टाकणें हा निदान वाङ्मयाचा तरी अपराधच होय. १८९७ च्या डिसेंबरांत अमरावतीस भरलेलें तेरावें अधिवेशन हें याचें ठळक उदाहरण आहे.

त्या वर्षाची स्थिति आठवावी. दुष्काळानें देश पोळला होता, मुंबई-पुण्यास प्लेग शिरला होता. जूनमध्यें पुण्यास रँडवर गोळी झाडली गेली. सप्टेंबरांत राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सरदार नातूबंधूंस तर १८२७ च्या रेग्युलेशनखालीं चौकशीवांचून अटकेंत ठेवण्यांत आलें. वऱ्हाड कागदोपत्रीं निजामाचें आणि कारभारास इंग्रजांचें. अशा वेळीं मुंबईकडील मंडळी अकोल्यावरून बडनेऱ्यास यावयाची आणि तेथून फांट्याच्या गाडीनें अमरावतीस पोंचावयाची.

अध्यक्ष शंकरन् नायर हे मलबारचे, वय अवघें चाळीस. पंजाबांतील अत्याचारांनंतर १९१९ सालीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा देणारे ते हेच. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे हे अमरावतीचे वकील, टिळकांचे स्नेही, आणि राहणीच्या थाटामुळें ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणून ओळखले जाणारे. त्यांचेच गांवबंधु व व्यवसायबंधु रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे पुढें १९१२ सालीं बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९०७ सालीं सुरतेस सभा दुभंगली तेव्हां खापर्डे टिळकांच्या बाजूस होते, मुधोळकर मवाळांच्या. एकाच गांवच्या, एकाच कोर्टांत उभ्या राहणाऱ्या या दोन पुरुषांच्या मनांत अमरावतीच्या मंडपांतच कांहीं वेगळेपण जाणवत होतें काय? कादंबरीकारानें हाच प्रश्न आधीं विचारला असता. वृत्तांतलेखकाच्या तो गांवींही नाहीं.

या अधिवेशनांतील एकच क्षण जनतेच्या स्मरणांत राहिला. सुरेंद्रनाथ बानर्जी नातूबंधूंविषयीं बोलावयास उठले आणि बोलतां बोलतां तुरुंगांतील टिळकांपाशीं येऊन थांबले. सारें राष्ट्र अश्रु ढाळीत आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं काढले. हे उद्गार टिळकांच्या चरित्रांतून इतके हिंडले आहेत कीं, झिजलेल्या नाण्याप्रमाणें त्यांवरील छाप आतां कोणी निरखून पाहत नाहीं. आम्हीही बरींच वर्षें पाहिली नव्हती. व्याख्यानांतला एक झोंकदार अलंकार, यापलीकडे त्यांत कांहीं आहे असें आम्हांस वाटलें नाहीं. आयुष्यभर मुलांस बर्क पढविणाऱ्याची खोड, दुसरें काय! पण बोलणारा कोण होता? १८७४ सालीं सिव्हिल सर्व्हिसमधून काढून टाकलेला आणि १८८३ सालीं न्यायालयाच्या बेअदबीबद्दल दोन महिने कैद भोगलेला मनुष्य. कोठडीचें दार त्यानें आंतून पाहिलेलें होतें. हें ध्यानांत आल्यावर त्या वाक्यांतील अलंकार गळून पडतो आणि एका कैद्यानें दुसऱ्या कैद्याची घेतलेली विचारपूस तेवढी उरते. चरित्रकारांनीं वाक्य उचललें आणि वक्ता मंडपांतच ठेवला, ही आमची तक्रार आहे.

दुसरे अश्विनीकुमार दत्त. बारीसालच्या या शिक्षकानें भर सभेंत राष्ट्रीय सभेला ‘तीन दिवसांचा तमाशा’ म्हटलें. बंगाल्याच्या तोंडीं तमाशा म्हणजे नुसता देखावा. मराठी कानाला त्यांत ढोलकीही ऐकूं येते, त्यामुळें तो शब्द वऱ्हाडांतील यजमानांस अधिकच झोंबला असेल. बोल कडू, पण खोटा नव्हता: वर्षांतून तीन दिवस बोलावयाचें आणि खेड्यापाड्यांकडे पाठ फिरवावयाची, हें त्यांना सोसवेना. मात्र दैवाचा खेळ पाहा. त्याच मंडपांत नातूबंधूंच्या बिनचौकशी अटकेची चर्चा चालली होती. अकरा वर्षांनीं, १९०८ च्या डिसेंबरांत, १८१८ च्या तशाच एका रेग्युलेशनखालीं खुद्द अश्विनीकुमारांस हद्दपार करण्यांत आलें.

वृत्तांतांत जें मिळत नाहीं तें कोठें मिळेल, याचा माग खापर्ड्यांपाशींच लागतो. हा गृहस्थ वर्षानुवर्षें इंग्रजींत रोजनिशी लिहीत असे. शिरडीच्या मुक्कामांतील त्यांची रोजनिशी छापून निघाली आहे. कितीला उठलों, कोण भेटावयास आलें, पंक्तीस कोण होतें, एवढेंच साध्या शब्दांत. तरी त्या कोरड्या ओळींतून माणसें हालचाल करूं लागतात. शिरडीचा भाग भाविकांनीं जपला, राजकारणाचा भाग जपावयास तितके भाविक नाहींत. त्यांच्या रोजनिशा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या तरुण अध्यापकानें दोन उन्हाळ्याच्या सुट्या खर्चून त्यांतील सभांचा, प्रवासांचा व भेटींचा भाग निवडावा आणि टीपांसह मराठींत आणावा. प्रस्तावना मोठी नसली तरी चालेल.