निर्यात आणि मूल्यनिष्ठा : एका आत्मचरित्राचा विचार

शंतनुराव किर्लोस्करांचे ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे इंग्रजी आत्मचरित्र १९८२ साली प्रसिद्ध झाले. उद्योजक परदेशी बाजारपेठेकडे का वळतो, या प्रश्नाच्या दृष्टीने ते चिंतनीय आहे. वडील लक्ष्मणरावांच्या लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल, या समजुतीने आरंभी शेतकरी तो घेईनात. मालाच्या गुणानेच अविश्वास जिंकावा, हे मूल्य त्या अनुभवात रुजले असावे. अनोळखी परदेशी ग्राहकापुढे डिझेल एंजिन ठेवणे ही त्याच मूल्याची परीक्षा होय. तथापि १९५७ नंतरच्या परकीय चलनटंचाईत निर्यात ही राष्ट्रीय गरजही होती. आत्मचरित्रात स्वभावतः मूल्य पुढे येते, परिस्थिती मागे राहते. अभ्यासकाने दोहोंचा मेळ घालावा. वऱ्हाडातील रोहिणखेडसारख्या गावच्या विहिरीवरही निर्यातीच्याच दर्जाचे एंजिन असेल, तरच ते मूल्य म्हणावे. एरव्ही तो केवळ व्यापार.